सेंटरचा मामा

वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर पट्टीकाकांनी माणसं मोजायला घेतली. नोकरीत असताना ते दुकानदारांचे तराजू तपासत. तळाशी पोखरून हलकं केलेलं वजन नुसतं हातात घेऊन ओळखत. त्या काळात त्यांनी कोणत्याही दुकानात कधी पाणीसुद्धा प्यायलं नाही, त्यामुळे त्यांना कोणी मित्र उरले नव्हते. निवृत्तीनंतर मिळाला तो बास्केटबॉल क्लब. तिथे ते निवड समितीवर होते आणि मुलींच्या संघासाठी सेंटर शोधणं हे काम त्यांच्याकडे होतं. सेंटर म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. ती रिंगखाली उभी राहते, दोन्ही बाजूंनी कोपरं खाते आणि तरीही चेंडू सोडत नाही.

पट्टीकाका स्वतः पाच फूट दोन इंच होते. क्लबातल्या मुली त्यांच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत, आणि त्यांना ते ऐकू येत नसावं असा मुलींचा समज होता.

त्यांची स्वतःची अशी एक पद्धत होती. ते मुलीला कोर्टवर बघायला कधीच जात नसत. "कोर्टवर काय बघायचं? तिथं सगळ्याच उड्या मारतात. आजची उंची कोणीही बघेल. मला उद्याची बघायची असते." आणि त्यांच्या मते मुलीची उद्याची उंची तिच्या आईच्या भावाकडे ठेवलेली असते. म्हणून ते घरी जात, चहा नाकारत आणि मामाला भिंतीला टेकून उभा करत. हे त्यांना कोणी शिकवलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण ते इतक्या ठामपणे सांगत की समितीतले लोकही आपापल्या घरी जाऊन मेहुण्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले होते.

माणसाची वाढ थांबते त्या दिवशी घरात कोणाला काही कळत नाही. जेवणं होतात, भांडी घासली जातात, दिवे मालवतात, आणि आत कुठेतरी एक हाड गुपचूप दार लावून घेतं. पट्टीकाकांना त्या दाराची धास्ती होती. त्यांनी मागच्या दोन वर्षांत निवडलेल्या दोन्ही मुली क्लबात दाखल झाल्या आणि त्यानंतर बोटभरही वाढल्या नाहीत. दोघींचे मामा चांगले ताडमाड होते. पट्टीकाकांनी समितीला खुलासा केला की एकीच्या मामाने उंच टाचांचे बूट घातले होते आणि दुसरीचा मामा सख्खा नव्हता.

अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान होतं. ते शांतपणे म्हणाले, "यंदाही चुकलं तर आपण मुलींच्या मनगटाचे एक्स-रे काढू. हाड अजून वाढणार का ते त्यात दिसतं. मामांना सुट्टी देऊ."

याचा अर्थ पट्टीकाकांनाही सुट्टी, हे सगळ्यांना समजलं.

यंदा जागा एकच होती. राहणं, जेवण, शाळा आणि खेळ, सगळं क्लबकडून. मुली दोन. एक दंतवैद्याची. तिचा मामा पट्टीकाकांनी आधीच बघून घेतला होता. सहा फूट चार इंच, बूट काढून, आणि सख्खा. खरं तर तिथेच विषय संपत होता. पण दुसऱ्या मुलीकडे न जाता निकाल लावणं त्यांच्या जुन्या नोकरीच्या शिस्तीत बसत नव्हतं.

दुसरी लॉन्ड्रीवाल्याची मुलगी. वय तेरा, उंची पहिलीएवढीच. तिच्या शाळेत एकच रिंग होती, तीही वाकलेली आणि बिनजाळीची. ही जागा मिळाली नाही तर तिचा खेळ तिथेच संपणार होता, कारण पुढच्या वर्षीपासून तिने संध्याकाळी दुकानात बसायचं हे घरात ठरलेलं होतं. पट्टीकाका येणार म्हटल्यापासून तिने जेवण निम्मं केलं होतं आणि आईला त्याची काळजी होती, कारण तिच्या मते जेवण कमी झालं की उंचीही कमी होते.

आईची दुसरी काळजी याहून मोठी होती. पट्टीकाका मामा बघतात ही बातमी गावभर होती, आणि तिचा सख्खा भाऊ त्याच दुकानात इस्त्री करत होता. त्याला इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहताना पायाखाली लाकडी फळी घ्यावी लागे.

तिने वरच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याला बोलावलं. हा माणूस इतका उंच होता की बहुतेक घरांत त्याला शिडी लागत नसे आणि तो मजुरी मात्र शिडीसकट लावत असे.

"तासाभराचं काम आहे," आई म्हणाली. "मामा व्हायचं. कमी बोलायचं."

"वहिनी, मी कमीच बोलतो," रंगारी म्हणाला आणि त्यावर बराच वेळ बोलला.

भावाला तिने हळूच सांगितलं, "तू आज फक्त इस्त्री कर. कोणी विचारलं तर कामाला आहेस."

"कामालाच आहे," भाऊ म्हणाला आणि फळीवर चढला.

पट्टीकाका संध्याकाळी आले. दुकान म्हणजे पुढे इस्त्रीचं टेबल, वर दांड्यांना लटकलेले कपडे आणि मागे एक खोली. कपडे इतके खाली आलेले होते की साधारण उंचीच्या माणसालाही दुसऱ्यांच्या बाह्या तोंडावरून बाजूला सारत आत जावं लागे. पट्टीकाका सरळ चालत गेले. त्यांना एकही बाही लागली नाही.

त्यांनी मुलीला बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "मामा कुठं आहेत?"

रंगारी खुर्चीतून उठला. उठणं बराच वेळ चाललं.

पट्टीकाकांनी खिशातली टेप काढली, रंगाऱ्याचे मोजे उतरवून घेतले, त्याला भिंतीला लावलं आणि स्टुलावर चढून मोजलं. सहा फूट तीन.

"एक इंच कमी पडतो," ते स्वतःशीच पुटपुटले.

"दमल्यामुळं असेल," रंगारी म्हणाला. "आमच्याकडं सगळेच असे. आजोबांना तर झोपताना पाय खिडकीबाहेर काढावे लागायचे. आणि या भाचीला म्हणाल तर मी लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलीय. ही आपली... ही. फार गुणी."

"भाऊ, चहा घ्या," आई मध्येच म्हणाली.

"आणि मामी?" पट्टीकाकांनी विचारलं. "मामी केवढ्या?"

रंगाऱ्याने आईकडे बघितलं. आईने भिंतीकडे बघितलं. "मामी," रंगारी म्हणाला, "बेताच्या आहेत."

"मामीचा संबंध नाही. सहज विचारलं."

आता रंगाऱ्याला रंग चढला. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या उंचीचा आदर करत होतं. तो पाय पसरून बसला, पोखरलेली वजनं ओळखणारा माणूस समोर बसून त्याचं ऐकत राहिला, आणि मग रंगारी इस्त्रीच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "ए, साहेबांना पाणी आण."

फळीवरचा माणूस उतरला. इस्त्री उभी करून ठेवली, आत गेला, पाणी आणून दिलं आणि परत फळीवर चढला. त्याने वर बघितलं नाही. पट्टीकाकांनी पाण्याला हात लावला नाही.

"आणि ए," रंगारी म्हणाला, "तो पंखा वाढव. नुसता उभा काय राहतोस."

"मामाला ए म्हणायचं नाही," मुलगी म्हणाली.

ती दाराशी उभी होती. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना नीट ऐकू गेला. फळीवरच्या माणसाचा हात होता तिथेच थांबला. थोड्या वेळाने काहीतरी करपल्याचा वास आला.

"तो वकिलांचा शर्ट आहे," वडील म्हणाले. ते इतका वेळ एका कोपऱ्यात कपड्यांवर नंबर घालत बसले होते.

इस्त्री उचलली गेली. पट्टीकाकांनी आधी रंगाऱ्याकडे बघितलं, मग फळीकडे. "मामा कोण?"

"ते," मुलगी म्हणाली. "हे वरच्या मजल्यावर राहतात. यांना माझं नावसुद्धा माहीत नाही."

"नाव माहीत आहे," रंगारी म्हणाला. "आत्ता आठवत नाही, एवढंच." मग त्याने मोजे गोळा केले आणि बाह्या सारत सारत निघून गेला.

"अगं, काय केलंस हे?" आई खालच्या आवाजात म्हणाली. "एवढं जमत आलं होतं. अर्धा तास तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आणि पुढं काय?" मुलगी म्हणाली. "त्यांच्या उंचीवर मला घेतलं तर मला त्यांच्याएवढं व्हावं लागेल. नाही झाले तर? तेव्हा कोणाला आणणार तू?"

पट्टीकाका उठले आणि सवयीने टेप काढून टेबलाशी गेले. मामा फळीवरून उतरला. दोघे समोरासमोर उभे राहिले आणि पट्टीकाकांनी टेप न उघडताच परत खिशात ठेवली. दोघांच्या भुवया एका रेषेत होत्या.

"रागावू नका, काका," आई म्हणाली. "चुकलं माझं. पण एक विचारू? तुम्हाला बहीण आहे?"

"आहे."

"भाचा?"

"एक आहे."

"केवढा?"

पट्टीकाकांनी घसा साफ केला. "सहा फूट एक."

वडील पहिल्यांदाच हसले. "मग तुम्ही कोणाचे मामा आहात, साहेब? वरच्या मजल्यावरचे?"

"तो अपवाद आहे," पट्टीकाका म्हणाले. "तो वडिलांवर गेलाय." हे वाक्य त्यांनी आजवर बहिणीकडे कितीतरी वेळा म्हटलं होतं आणि तिथे ते नेहमी चाललं होतं. इथे, लटकत्या पँटांच्या खाली, ते त्यांचं त्यांनाच हलकं वाटलं. तळाशी पोखरल्यासारखं.

ते निघाले तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. "तुम्ही मला खेळताना बघितलंच नाही," ती म्हणाली.

"मी कोणालाच बघत नाही."

"का?"

पट्टीकाका चपला घालून चालू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून त्यांनी टोपी घातली होती, तरी शाळेच्या शिपायाने त्यांना खुर्ची आणून दिली.

त्यांनी बघितलं. मुलगी धावायला मंद होती. परत फिरताना तर एखादं कपाट सरकवतात तशी वळत होती. एकदा ती चक्क रिंग सोडून उलट्या बाजूला पळाली. पट्टीकाकांना बरं वाटलं. दंतवैद्याच्या मुलीचं नाव सांगून मोकळं व्हायचं, पद्धत शाबूत, विषय संपला.

मग रिंगखाली तिच्याकडे चेंडू आला. तीन छोट्या मुली तिच्या दंडाला, कमरेला, सदऱ्याला लोंबकळल्या. अशा वेळी उंच मुली काय करतात ते पट्टीकाकांना ऐकून माहीत होतं. त्या चेंडू पोटाशी घेतात, आणि चेंडू पोटाशी आला की तो छोट्यांचा होतो. ही मुलगी चेंडू कपाळाच्या वर धरून उभी राहिली. तिघी ओढत होत्या, ती हलली नाही, घाईही केली नाही. तिची पाठ रिंगकडे होती. मागून एक मुलगी धावत आत आली, ती हिला दिसणं शक्य नव्हतं, आणि हिने मान न वळवता चेंडू तिच्या हातात ठेवला. टेबलावर कप ठेवावा तसा.

पट्टीकाका खुर्चीतून उठले आणि परत बसले. असं अजून एकदा झालं. तिसऱ्यांदा तिने तोच चेंडू थेट मैदानाबाहेर फेकला. मग ते घरी गेले आणि त्यांनी दिवसभर कोणाशी भांडण केलं नाही. बायकोने डॉक्टरांना बोलवायचं का असं विचारलं.

समितीची बैठक क्लबच्या मागच्या खोलीत, जुन्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी भरली. दंतवैद्याच्या मुलीची माहिती सगळ्यांना पाठ होती. अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "आणि लॉन्ड्रीवाल्याची? मामा केवढा?"

पट्टीकाका उभे राहिले.

"सांगा ना," अध्यक्ष म्हणाले.

"सांगितलं," पट्टीकाका म्हणाले. "एवढा."

खजिनदार खोकल्यासारखं करून हसले. हसणं ओसरेपर्यंत पट्टीकाका उभेच राहिले, तरी काही लोकांना ते बसले आहेत असं वाटलं.

"म्हणजे दंतवैद्याची ठरली," अध्यक्ष म्हणाले.

"नाही. लॉन्ड्रीवाल्याची घ्या."

"का?"

"चेंडू वरच ठेवते. आणि मागं कोण आहे ते तिला कळतं."

"तुम्ही खेळ बघितलात?" अध्यक्षांनी चष्मा घातला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही?"

"बघितला."

"पण ती वाढेल का? केवढी होईल?"

"माहीत नाही," पट्टीकाका म्हणाले.

हा शब्द समितीने त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. त्यामुळे तो सगळ्यांना फार विचार करून काढलेला निष्कर्ष वाटला. अध्यक्षांनी बजावलं की यंदा चुकलं तर पुढच्या वर्षीपासून एक्स-रे, आणि पट्टीकाका मान हलवून बरं म्हणाले. जागा लॉन्ड्रीवाल्याच्या मुलीला गेली.

निरोप सांगायला ते स्वतः दुकानात गेले. मुलगी शाळेत होती. आई ऐकून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वडील वकिलांना नवा शर्ट द्यायला गेले होते. टेबलाशी मामा एकटाच होता.

"माझ्यामुळं अडलं नाही ना?" त्याने विचारलं.

"अडत होतं," पट्टीकाका म्हणाले.

मामाने एक कॉलर उलटवली, दाबली, सुलटवली. "किती वाढेल हो ती अजून? आत्ताच तिच्याशी बोलताना माझी मान दुखते."

"मलाही तीच भीती आहे."

मामाने खालून दुसरी फळी ओढली आणि पायाने त्यांच्याकडे सरकवली. पट्टीकाका थोडे घुटमळले, मग चढले. तिथून दुकान वेगळंच दिसत होतं. आतून पाण्याचा तांब्या आला आणि पट्टीकाका ते पाणी प्यायले.