अर्ध्यापोटी

मुलांनो, दुष्काळात आमच्या जामखेडच्या शाळेसमोर खडी फोडणाऱ्या एका बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. तिचे दिवस भरत आले होते. तरी दुपारी मजुरांना सरकारी, गोड पौष्टिक पिठाची सुकडी वाटली, की ती दोन घास खाऊन उरलेली शेजारणीला देई. शेजारीण म्हणे, “राणीसायबांना सरकारचं ग्वाड लागंना.”

“अगं, दोन जिवांची आहेस, पोटभर खा,” मी म्हणाले.

“नगं, बाई. पोर मोठं झालं की अडतंय. माजी जाऊ तशीच गेली. बारकं असलं की सुटका सोपी.”

सुटका सोपीच झाली. बाळ मात्र इतकं बारकं होतं, की त्याला रडायलाही बळ नव्हतं. ते दुसऱ्याच दिवशी गेलं.

महिन्याने ती कामावर परतली आणि तिने वाढलेली सुकडी सगळी खाल्ली.