उजव्या बाजूचा आवाज

बाजाराच्या दिवशी मोताळ्यात लसणाच्या पाटीपाशी उकिडवा बसून मी लसूण निवडत होतो. रोहिणखेडचा एक ओळखीचा गाडीवान जवळ येऊन उभा राहिला अन् म्हणाला, "दादाजी, तुमाले कळलं का नाही? गफूरचाचा गेले. परवा मिट्टी झाली." मी म्हटलं, "कोनता गफूर?" रोहिणखेडात गफूर एकच, अन् ते त्या गाडीवानापेक्षा मला जास्त ठाऊक. तरी विचारलं. "पिंजारी हो… लंगडे गफूरचाचा." त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. हातातला लसूण पाटीत टाकला अन् भर बाजारात ओरडलो, "लंगडा म्हनू नको बे त्याले! तो मैदानात पये तवा तुहा बाप पाहाले येत जाय, अन् पाहता पाहता धोतर सुटलं तरी त्याले समजत नव्हतं!" लोक पाहत राहिले. लसूण तसाच राहिला, मी घरी आलो.

महिना उलटून गेला. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, दादाजी, तुमच्या जोडीदारावर लिहा, त्या वक्ताचा फुटबॉल आता कोणाला ठाऊक नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तरशी भांडून सुटलेली. मी म्हटलं, लिहितो, पण माझ्या शब्दाला कोणी हात लावायचा नाही. ते हो म्हणाले. म्हणून हे लिहून राहिलो.

आम्ही दोघं मलकापुरातल्या एका कापसाच्या जिनच्या टीमचे फुलबॅक होतो. गफूर उजवा, मी डावा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, बुलढाण्याला गोरा साहेब. कापसाच्या दिवसांत जिनवर रुई-सरकीचं काम करायचं अन् कापूस नसला की जिनच्या नावानं चेंडू खेळायचा, यासाठी शेठ आम्हाला बारा महिने पोसत होता. रिवाज असा, की शील्डाच्या सामन्यांत ज्यानं पाय मारला नाही त्याला हंगामात जिनवर उभं करायचं नाही. मी कुणब्याचा, घरी थोडी का होईना जमीन होती. गफूरच्या घरी बापाची पिंजायची कमान अन् खाणारी तोंडं. त्याच उन्हाळ्यात त्याचा निकाह झालेला. जिनची जागा म्हणजे त्याच्यासाठी चूल होती.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं समजणार नाही. आपली जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात पाय घातला की चिखल चप्पल ठेवून घेतो अन् माणसाला सोडतो. पाऊस उघडला, माती ना ओली ना कोरडी अशी वाफशाला आली, की मग मैदान खेळण्याजोगं होई. अन् ते मैदान तरी कोणतं? कापसाच्या बाजाराचं. पहिल्या गाड्या आल्या की बैल, कडबा, काटे, दलाल… खेळ बंद. वाफसा अन् पहिली गाडी यांच्या मधले जे काही दिवस, त्यातच मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद, सगळ्यांची शील्डं. आज इथं, उद्या तिथं. अंगावरचा घाम वाळायच्या आत दुसऱ्या गावची गाडी जुंपलेली. आम्ही अनवाणी खेळायचो. टीममध्ये जेमतेम बारा माणसं. कोणाचा अंगठा फुटलेला, कोणाची नडगी सुजलेली. तुरटी-हळद लावली, एरंडाचं पान शेकून बांधलं, वरून रुई अन् बारदानाची पट्टी, की चालला गडी.

गफूरचा खेळ काय सांगू. अंगानं काडी, पण चेंडू हवेत असतानाच त्याला कळायचं तो कुठं पडणार. आम्हा दोघांत एक ठरलेलं होतं. दोघांच्या मधात चेंडू आला की गफूर ओरडायचा, "माहा!" अन् मी थांबायचो. त्याचा आवाज असा की मैदानाबाहेरचे बैल मान वर करायचे. तो ओरडला नाही तर चेंडू माझा. इतकी वर्षं खेळलो, दोघांची टक्कर कधी झाली नाही. घरी माझी बायको म्हणायची, "मी दहादा हाक मारली तं तुमाले ऐकू येत नाही, अन् त्या गफूरनं एकडाव ओरडलं की उभे राहता." खरं होतं. खोटं कशाला लिहू.

त्या साली जळगाव जामोदला गेलो तेव्हा सातपुड्याकडून मागून पाऊस आलेला. मी मैदानात उतरून मूठभर माती उचलली, दाबली अन् सोडली. गोळा तसाच्या तसा राहिला, फुटला नाही. मी म्हटलं, "वाफसा नाही. आज खेळू नका." गफूर कमरेला धोतर खोचत हसला. "काऊन बे, पेरनी कराले आला काय तू?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याला सामना ठरलेला, इथला थांबवून करायचा कधी? खेळलो. हाफटाईमच्या आधी गफूर चेंडूवर वळला, जमिनीनं पाय धरून ठेवला अन् अंग फिरलं. मी जवळ होतो. ओली फांदी मोडते तसा आवाज आला… तो उठला. हात झटकले, "काई नाही, काई नाही" म्हणाला अन् खेळला. संध्याकाळपर्यंत उजवा गुडघा कोहळ्याएवढा झाला होता. नांदुऱ्याला तो तसाच उभा राहिला. पळत नव्हता, पण चेंडू कुठं पडणार ते आधी कळत असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

त्यात शेठच्या मुनीमजीनं एक घोळ केला. मलकापूरच्या शील्डाची तारीख इंग्रजी होती, खामगाववाल्यांनी सांगावा धाडला होता तो तिथीचा, कोजागिरीला शेवटचा सामना. मुनीमजीनं पंचांग काढून पाहिलं अन् शेठला सांगितलं, दोहोंच्या मधात चांगलं अंतर आहे, पोरं आराम करतील. मलकापूरच्या सामन्याच्या आदल्या दिवशी बाजारात बायका कोजागिरीच्या दुधासाठी चारोळी घेताना दिसल्या, तेव्हा कळलं की मुनीमजीनं पाहिलेलं पंचांग मागच्या सालचं होतं. दोन्ही सामने एकाच दिवशी! सकाळी मलकापूर, तिथून पॅसेंजरनं जलंब, गाडी बदलून खामगाव, अन् दुपार कलताना दुसरा सामना. एक सोडावा म्हटलं तर शेठनं दोन्हीकडे शब्द दिलेला, अन् खामगावला बक्षीस द्यायला खुद्द साहेब येणार.

मी मुनीमजीकडे गेलो. गफूरला न सांगता गेलो, अन् बरोबर केलं. म्हटलं, "गफूरचा गुडघा गेला. त्याले बसवा." मुनीमजी पान लावत होते. "पाय तं बैलाचाबी दुखते रे. गाडी थांबते काय?" मी म्हटलं, "बैल लंगडला तं त्याले खुट्याले बांधतात, मुनीमजी. आमाले बैलाएवढं तरी माना." त्यांनी पान तोंडात घातलं. "तो नाही तं तिथं उभा कोन राहीन? मी? खेळत नसन तं तसं सांग म्हणा. हंगामाचं मंग पाहू." हे बोलणं मी गफूरपर्यंत नेलं नाही, पण कोणीतरी नेलं.

सकाळचा सामना आम्ही जिंकलो. गफूर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मैदानात "माहा" तेवढं ओरडला. गाडीत बसल्यावर मी एरंडाचं पान काढून त्याच्या गुडघ्याला लावायला गेलो तर त्यानं माझा हात झटकला.

"तुले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले? माह्या पायाचा वकील झाला का तू?"

"पाय तुहा. पन बाजू तं आपली हाय ना बे."

"बाजूचं मले नको सांगू. तुह्या घरी जवारी हाय. माह्या घरी काय हाय? कमान! ते वाजवू अन् नाचू?"

जलंबपर्यंत दोघंही खिडकीबाहेर पाहत बसलो. बाहेर पऱ्हाटी बोंडांवर आलेली, कुठं कुठं कापूस फुटलेला… जलंबला उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. राग गेला म्हणून नाही. पाय टेकत नव्हता म्हणून. तो हात खामगावच्या मैदानापर्यंत खांद्यावर राहिला, अन् मैदान दिसताच त्यानं काढून घेतला.

खामगावला साहेब खुर्चीत, मागं छत्रीवाला, चहूकडे माणूसच माणूस. आमच्या टीमला सकाळच्या खेळानं आलेला शीण, तरी बरोबरीत धरून ठेवलं. शेवटी शेवटी त्यांच्या गड्यानं चेंडू उंच टाकला, बरोबर आमच्या दोघांच्या मधात, थोडा गफूरच्या बाजूला. मी थांबलो. आवाजाची वाट पाहिली. नेहमी येतो तसा आता येईल… आता येईल. आला नाही. मान वळवून पाहिलं तर गफूर जागेवर उभा, तोंड मिटलेलं, माझ्याकडे पाहत होता. मी धावलो, पण अर्धा श्वास उशीर झाला होता. गोल झाला. तो गोल ऑफसाईड होता हे मी तेव्हा रेफरीला सांगितलं, साहेबालाही सांगितलं, आजही सांगतो. पण ते राहू द्या.

गफूर खाली बसला होता. मी त्याच्यापाशी गेलो, रागात गेलो. "आवाज काऊन नाही दिला बे?"

तो म्हणाला, "आवाज देल्ला असता तं तू थांबला असता. अन् माह्याच्यानं जानं होत नव्हतं." मग म्हणाला, "तो माहा नव्हताच रे… तुहा होता."

इतक्या वर्षांत त्याच्या बाजूचा चेंडू त्यानं मला सोडला तो तेवढाच. नंतर त्याला उठवायला दोन माणसं लागली.

हाडवैद्यानं ओढलं, बांधलं, मलकापूरच्या डॉक्टरनं पाहिलं. तो गुडघा पुन्हा वाकला नाही. पहिल्या गाड्या आल्या, जिनचा भोंगा झाला, अन् मुनीमजीनं बोललेलं खरं केलं. त्याच्या जागी दुसरा माणूस उभा झाला. त्या हंगामात मीही जिनची पायरी चढलो नाही. लोक म्हणाले दोस्तीपायी सोडली. तसं काही नव्हतं. मला त्या भोंग्याचा आवाज सहन होत नव्हता, एवढंच. गफूर रोहिणखेडला गेला अन् ज्या कमानीवर रागावला होता तीच त्यानं हातात घेतली. ओट्यावर उजवा पाय लांब करून बसायचा, कमानीची तांत झणझण वाजायची, रुई उडायची, भुवया पांढऱ्या व्हायच्या. साऱ्या परगण्याच्या लेकी त्यानं भरलेल्या गाद्यांवर सासरी गेल्या. माझ्याही.

मी दरसाल पाऊस उघडला की जायचो. गाद्या भरून घ्यायच्या म्हणून घरचा कापूस नेत असे. गाद्या नसल्या तरी नेत असे. मला पाहिलं की तो दुरूनच विचारायचा, "वाफसा झाला काय बे?" मी त्याच्या डाव्या हाताला बसायचो, मैदानात उभा राहायचो तसा. त्याची सून चहा आणी. पातेलं लहान, पहिल्यानं एकच भरलेला कप होई, तो ती आमच्या दोघांच्या मधात ठेवी. अन् गफूर तोंडातले दात गेले तरी सारी गल्ली ऐकेल असा ओरडे, "माहा!" मग बशीत थोडा ओतून घेई अन् कप माझ्याकडे सरकवी. सून आतून हसायची. मी म्हणायचो, तो गोल ऑफसाईड होता. तो म्हणायचा, "ऑफसाईड असो का काई असो, तू थांबला काऊन बे?" मी म्हणायचो, "तुह्या आवाजासाठी." तेवढं ऐकलं की त्याचं समाधान होई. दरसाल तेच. मागच्या साली मात्र त्याला ऐकू कमी येत होतं, माझं उत्तर मला तीनदा द्यावं लागलं. तिसऱ्यांदा मी ओरडलो तेव्हा म्हणाला, "पयल्या डावातच आयकलं होतं. पुन्हा आयकाचं होतं."

परवा रोहिणखेडला जाऊन आलो. कमान खुंटीला टांगलेली. ओट्यावर त्याची जागा झाडून-पुसून रिकामी ठेवलेली. मी माझ्या जागी, डाव्या हाताला बसलो. सून आली, डोळ्याला पदर लावला, आत गेली. मग सवयीनं एक कप भरून आणला अन् सवयीनंच दोघांच्या मधात ठेवला. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, पण तिनं उचलला नाही.

मी थांबलो. वाफ निघत होती… मी उजवीकडे कान देऊन थांबलो. वाफ गेली, वर साय धरली. आवाज आला नाही तर चेंडू माझा, असं आमच्यात ठरलेलं होतं, हे मला ठाऊक आहे. खामगावला त्यानं सोडला तेव्हा मी धावलो होतो. या डावात नाही धावलो.

सून बाहेर येऊन म्हणाली, "दादाजी, थंडा झाला. घ्या ना."

मी म्हटलं, "राहू दे बाई. तो त्याचा हाय."