दिसून नाही राहिलं

"काका, काकू आहेत का घरात?" असं विचारलं, की बोरकरकाका स्वयंपाकघरात डोकावून येत आणि म्हणत, "दिसून नाही राहिली." 'नाही' एवढा साधा शब्द या माणसाच्या तोंडून एकटा कधी निघालाच नाही. डब्यात साखर? दिसून नाही राहिली. काकू कावत, "अवो, सरळ नाही म्हनायले जीभ झडते का तुमची?"

दोष नोकरीचा. भिलाईत ते आमचे शेजारी. कारखान्यातली भट्टी थंडावली, की आत वाकून टॉर्चने भिंतीच्या विटांना तडे गेलेत का ते तपासायचं, हे त्यांचं काम. "तडा नाही, असं मी कसा सांगू बाई? माह्या टॉर्चीत जेवढा दिसते तेवढाच सांगीन. त्याच्याहून बारीक असन तं?"

मी संशोधनाला लागले, तेव्हा नीट चौकशी केली ती फक्त काकांनी. "तू नेमकं करून काय राहिली वो?" मी सांगितलं, विश्वही सुरुवातीला भट्टीसारखं तापलेलं होतं, मग निवत गेलं. तेव्हाची उरलीसुरली ऊब अजून साऱ्या आकाशातून येते. जगात न दिसणारा पदार्थही भरपूर आहे. त्याचे कण एकमेकांवर आपटून नष्ट होत असतील, तर त्यातून निघालेल्या ऊर्जेची खूण त्या उबेत उरायला हवी. काका एकदम म्हणाले, "म्हंजे भट्टी निवून राहिली होती, तवा मांगून कोनं कोळसा टाकला का, थे पायतं तू!" माझ्या गाईडलाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

चार वर्षं दुसऱ्यांची मोजमापं चाळली, गणितं केली. हाती भोपळा! सुट्टीत घरी आले ती प्रबंध सोडायचं ठरवूनच. भिलाईतच, सुपेल्यातल्या एका शाळेत नोकरीही पाहून ठेवली. काका तोवर निवृत्त होऊन जवळच कोहक्याला राहायला गेले होते. त्यांच्या अंगणात बसून म्हटलं, "काका, कोळसा नाही सापडला. संपलं सगळं."

ते चक्क चिडले. "नाही कायले म्हनतं? टॉर्च केवढी होती तुही, थे सांग पहिले!"

मी सांगितलं, अमुक इतक्याहून जास्त आच लागली असती, तर खूण दिसलीच असती.

"मंग तसंच लिही ना! याच्याहून जास्त कोळसा कोनं टाकला नाही. रजिस्टरात मी जन्मभर हेच लिवलं. पुढचा मानूस मोठी टॉर्च घेऊन येईन."

अशी शरम वाटली मला! शाळेला नकार कळवला आणि परत गेले.

प्रबंधाच्या शेवटी त्यांचंच वाक्य होतं, फक्त शास्त्राच्या भाषेत. प्रत दाखवायला कोहक्याला गेले, तर काका जाऊन पंधरा दिवस झाले होते. काकूंनी दारातच सांगितलं. प्रत छातीशी धरून मी तिथेच रडत बसले.

इतक्यात फाटकाशी नवा पोस्टमन आला. "बोरकर साहब हैं क्या?"

काकूंनी अंगणातल्या काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"दिसून नाही राहिले," त्या म्हणाल्या.