सासऱ्यांचं नाव

माझ्या येडेपणानं आमचं बिनकर्जाचं घर एकदा लिलावात निघालं होतं. काल नातीनं पतंगासाठी खळ शिजवली, त्या खळीच्या वासानं आठवलं.

चाकणला मी नवी सून. कोर्टाचा माणूस लिलावाची नोटीस घेऊन दारात आला.

"गणपतरावांचं घर ना? गावात दोन गणपतराव आहेत, पुरं नाव सांगा."

सासऱ्यांचं नाव मी घेणार? पदर सावरत गप्प उभी राहिले. तो कंटाळला आणि आमच्याच दारावर नोटीस लावायला लागला. वर मीच गरम खळ करून दिली, कागद वाकडा लागला तर सरळ करून घेतला.

संध्याकाळपर्यंत अर्धं गाव घराचा भाव विचारून गेलं. सासऱ्यांनी घरी येऊन वाचली, तर नोटीस दुसऱ्या गणपतरावांची होती.

दार खरवडता खरवडता सासूबाई म्हणाल्या, "उद्यापास्नं सासऱ्याचं नाव खुशाल घे, न्हाईतर पुढच्या खेपेला मलाबी लिलावात काढशील."