पालेवाल्या काकूची कणगी

मी याआधी कुणाबद्दल काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला; पण तेवढ्यानं लिहिण्याचा अधिकार येतो, असं मला वाटत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. आमच्या घाटंजीकडच्या गावांत पालेवाल्या काकूसारखी एखादी तरी असायचीच, म्हणून धीर करतो आहे.

काकू आमची शेजारीण. तिच्या अंगाला कायम कडुनिंबाचा वास यायचा. ओसरीत निंबाचा आणि निरगुडीचा पाला सावलीत वाळत पडलेला असे. त्यावर कुणाचा पाय पडला, की आतून आवाज यायचा, "अबे, डोये फुटले काय तुहे?" वाळलेला पाला ती बियाण्याच्या ज्वारीत थर देऊन भरायची, वर राख पसरायची आणि कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायची. दाणा पोखरणाऱ्या सोंड्यांबद्दल म्हणायची, "मी त्याहिले मारत नाई. इथं करमू देत नाई, बस."

पाल्याचा कडूपणा फार काळ टिकत नाही. म्हणून संक्रांत झाली, की ती कणगी उघडून पाला बदलायची. दुसऱ्या कुणाला हात घालू देत नसे. ते बियाणं सासूच्या वेळेपासून चालत आलेलं. गावात सगळीकडे कापूसच झाला होता. ज्वारी पेरणारी ती एकटीच उरली होती. म्हणजे बियाणं गेलं, तर मागायला दुसरं घर नव्हतं. तिचा मुलगा सुधाकरदादा चिडवायचा, "माय, तुह्या ज्वारीले आता पाखरंबी ओयखत नाईत."

"तू तं ओयखतं ना? भाकर तं तूच खातं!"

त्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर आभाळ भरून आलं. वेचलेला कापूस भिजेल म्हणून दादानं तो घाईघाईनं कणगीच्या खोलीत ओतला. लवकरच विकू, म्हणाला. पण भाव पडला. थांबू थांबू म्हणता म्हणता कापूस आढ्याला टेकला, आणि कणगी त्याच्यामागं राहिली.

होळीला मी घरी आलो, तेव्हा काकू खोलीच्या दारात पाल्याचं टोपलं घेऊन बसली होती.

"सुधाकर, जराशी वाट करून दे ना बाप्पा."

"कापूस कुठं टाकू, माय? बाहेर टाकला अन् पानी आलं तं?"

त्याचंही खरं होतं. मी कापसावरून सरपटत गेलो. हात कणगीला लागला, झाकणापर्यंत पोचला नाही. भेगेतून पडलेलं पीठ तेवढं बोटांना लागलं. काकूनं ते हुंगलं. "सोंडे लागले," एवढंच म्हणाली. परीक्षेसाठी मी अमरावतीला परत गेलो.

उन्हाळ्यात आईचा फोन आला. कापूस एकदाचा विकला होता, मिळेल त्या भावात. मग कणगी उघडली. दाणे वरून धड दिसत, चिमटीत धरले की फुटत. काकूनं चाळून मूठभर वेचले आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवले. एकालाही मोड आला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. सारी ज्वारी अंगनात वतली तिनं," आई म्हणाली. "अन् मले म्हने, तुह्या कोंबड्याबी सोड वं इकडं, माह्या कोंबड्यायच्यानं एवढं सरत नाई."