माफीचा अर्ज

बी.ए. झाल्यावर माझ्यासमोर दोन फॉर्म होते, बी.एड.चा आणि एलएल.बी.चा. बाबांचं एकच म्हणणं, बी.एड. कर. मी मात्र हट्टाला पेटले होते. मला वकील व्हायचं होतं, तेही फक्त त्यांच्या केससाठी.

आम्ही दुर्गजवळ रिसालीत भाड्यानं राहायचो. बाबा एका छोट्या खाजगी कारखान्यात क्रेन चालवत. मी अकरावीत असताना क्रेनची साखळी तुटून एका फिटरचा पाय गेला. साखळी झिजल्याचं बाबांनी दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी. आरोपपत्र आलं ते बाबांच्याच नावानं, इंग्रजीत, आणि सात दिवसांत उत्तर मागणारं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. शाळेत उशीर झाला की माफीचा अर्ज द्यायचा आणि वर्गात बसायचं, एवढीच माझी अक्कल. मी छान अक्षरात लिहून टाकलं की माझ्या हातून चूक झाली, क्षमा असावी, पुन्हा असं होणार नाही. अर्थ सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "पण गलती माह्याकडून झालीच नाही ना."

"असंच लिहितात, बाबा. माफी मांगली का सोडून देतात."

त्यांनी सही केली. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं.

मग दुर्गला लेबर कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. बाबा एका लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, काम करू लागले. वर्षं जात होती आणि केस जागची हलत नव्हती. माझा सगळा राग वकिलावर होता. तो झोपा काढतो, असंच मी धरून चालले होते.

"एलएल.बी. कावून नको?" मी फॉर्म हातात घेऊन विचारलं.

"कोर्टाचं नको. मास्तरीण हो, इज्जतीनं राह्य."

"मग तुमची केस कोन पाहीन?"

"वकील पाहून राहिला ना."

पोरीच्या जातीनं कोर्टात जाऊ नये, असं त्यांना वाटतं, असा मी अर्थ लावला. भित्रे आहात तुम्ही, असं तोंडावर बोलले. आई मला ओरडली. बाबा कामावर निघून गेले, आणि मी एलएल.बी.चा फॉर्म भरला.

दुसऱ्या वर्षी कामगार कायदा शिकवताना सर म्हणाले, कामगारानं लेखी कबुली दिली की मालकाला सिद्ध करायला फारसं काही उरत नाही. पुढचं मी काहीच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन फाईल मागितली. माझ्या अक्षरातल्या त्या ओळीखाली लाल रेघ होती.

"यही तो मुसीबत है, बेटी," वकील म्हणाले. "आपके पिताजी को पहले ही दिन बता दिया था."

घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. मी समोर बसले आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलं?

त्यांनी घास खाली ठेवला. "नोकरी तर गेलीच होती. तुले हे मालूम पडीन, याचंच भेव होतं मले. म्हणून म्हनत होतो, तो कोर्स नको करू."

आई भाकरी टाकता टाकता थांबली. तिलाही माहीत होतं. इतकी वर्षं दोघांनी मिळून माझ्यापासून ते लपवलं होतं, आणि मी त्यांना भित्रे म्हणून बसले होते. बाबांनी एकदा तरी मला दोष दिला असता, तर मला रडता आलं असतं.