आधी सांगायचं, मग हात लावायचा

माझ्या पायाला हात लावणारी बाई काल गेली.

शिंत्रे मॅडम. माझ्या नातीच्या, प्राजूच्या, नर्सिंग कॉलेजातल्या मॅडम.

मी दुसरी शिकलेली. एका बोटानं टाईप करतेय, चुकलंमाकलं पोटात घाला. हे फेसबुक प्राजूनंच काढून दिलंय. लग्नाबारशाच्या फोटोंना लाईक करण्यापलीकडं मी इथं काही केलं नाही. पण आज लिहिणार.

तर काय झालं, प्राजू दुसऱ्या वर्षाला असताना एकदा बॅग घेऊन मुरगूडला घरी आली आणि म्हणाली, "आज्जी, मी कॉलेज सोडलं."

मी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलेलं, माझी नात सिस्टर होणार म्हणून. 

वॉर्डात मॅडमनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. ताप, नाडी, बीपी, सगळं बरोबर लिहिलं होतं हिनं. मॅडमनी विचारलं, "पेशंट दिसतोय कसा?" हिला सांगता येईना. त्या माणसाकडं हिनं मान वर करून बघितलंच नव्हतं.

"मला न्हाय जमायचं," एवढंच म्हणायची. ना धड जेवण, ना बोलणं.

आणि रविवारी दारात कोण? मॅडम. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एसटीनं आलेल्या, घामाघूम.

"च्या टाकते," म्हटलं.

"बिनसाखरेचा टाका मावशी. तुम्हाला शुगर आहे म्हणे."

"थोडीच हाय."

"शुगर थोडी नसते."

मॅडम तोंडाच्या फटकळच. पण मला आवडल्या. आमच्याकडं गोड बोलणाऱ्याचाच जरा संशय येतो.

प्राजूला कॉलेजबद्दल एक शब्द विचारला नाही त्यांनी. हात धुऊन आल्या आणि सरळ माझ्यासमोर फरशीवर बसल्या.

"मावशी, मी सुनंदा शिंत्रे. नर्स आहे. तुमचे पाय तपासणार आहे. हात लावू का?"

मी पाय पोटाशी ओढून घेतले. शिकलेली बाई, त्यात पावणी. "नको ओ, मला पाप लागंल."

"मला लागू दे पाप. पाय द्या."

उलट्या हातानं त्यांनी दोन्ही पाय चाचपले. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम असला तर असं कळतं म्हणे. पावलावरची नाडी शोधली. पायालाही नाडी असते हे मला ह्या वयात कळलं. बोटांच्या बेचक्यात बघितलं. मग मला डोळे मिटायला सांगितले. "कापूस लावते. कळलं की सांगा."

मी आपली डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला. "लावा की ओ," म्हटलं.

प्राजू बारीक आवाजात म्हणाली, "आज्जी, लावून झालं."

मग त्यांनी तळवा वर केला.

टाचेजवळ जखम होती. चपलेचा खिळा वर आलेला, तो रोज रुतत होता. आत पू झालेला. आणि मला पत्ता नाही. त्याच पायानं गोठा, रान, बाजार, सगळं चाललेलं.

मॅडमनी प्राजूला विचारलं, "रोज पाया पडतेस आज्जीच्या?"

"व्हय मॅडम."

"तळवा कधी बघितलास?"

पोरगी रडायला लागली.

"रड. मग साबणानं हात धू. ही जखम तुला बांधायचीय."

मी म्हटलं, "हळद चेपू का?"

"हळद आमटीत."

प्राजू बोळा घेऊन वाकली. मॅडमनी तिला थांबवलं. "आधी काय?"

"आज्जी, मी प्राजू..."

"ठावं हाय की मला."

"सांगू द्या तिला, मावशी."

"मी प्राजू. जखम पुसणार हाय. गार लागंल."

"मला कुठलं लागतंय," मी गमतीनं म्हटलं. कुणी हसलं नाही.

जखम मधून बाहेर पुसायची, एक बोळा एकदाच वापरायचा, मॅडम सांगत होत्या. प्राजू तसंच करत गेली. त्याच दिवशी डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून अंगावर काढलं असतं तर पायावरच बेतलं असतं.

माझा पाय वाचला. सोमवारी पोरगी बॅग उचलून परत गेली.

तेव्हापासून चपलेत आधी हात फिरवते, मग पाय घालते. शेजारीण हसते. हसू दे. आणि लोकांची नातवंडं नुसती पाया पडतात, माझी पाया पडून पाय उलटा करून बघते.

आता ती कोल्हापुरात दवाखान्यात सिस्टर आहे. मॅडमना झटका आला तेव्हा तिच्याच वॉर्डात आणलं. मी परवा भेटायला गेले. डोळे मिटलेले, हाकेला ओ नाही.

प्राजू म्हणत होती, "मॅडम, मी प्राजू. तुमची कूस बदलतेय. डावीकडं."

"ऐकू येतंय का गं त्यास्नी?"

"न्हाय आलं तरी सांगायचं, आज्जी."

कूस बदलून तिनं पाठ बघितली, टाचा बघितल्या, कुठं लाल झालंय का. मॅडमच्या चेहऱ्याकडं तर सारखी बघत होती. आता विचारा म्हणावं, पेशंट कसा दिसतोय.

निघताना मी पायाशी गेले. वयानं मी मोठी. मोठ्यानं धाकट्याच्या पाया पडायची रीत नाही आमच्यात. तरी वाकले. वाकले आणि थांबले.

"मॅडम, मी प्राजूची आज्जी. मुरगूडची. तुमच्या पायाला हात लावतेय."

मग लावला. उलटा हात.

दोन्ही पाय सारखेच ऊबदार होते.

या आता, मॅडम. माझे पाय धड आहेत. घरी आली की पोरगी बघते.